कोरा आमालनामा

संगणकाच्या गाभ्यात एक लहानसा निर्णय दडलेला असतो. त्याविषयी आम्हाला या पानांवर बोलायचे आहे. साहित्याच्या वार्षिकात यंत्राची गोष्ट कशाला, असे कोणी विचारील. पण ही गोष्ट ज्या प्रश्नापाशी येऊन थांबते तो आपल्या घरातला आहे. आपल्या हातून जे घडते त्याला साक्षीदार असावा की नसावा? आणि नसावा असे ठरवायचे, तर तो अधिकार कोणाचा?

दादरच्या पुलावरून सकाळी जी गर्दी वाहते, तिच्यातल्या बहुतेकांच्या खिशात अँड्रॉइडचा फोन असतो. लालबागच्या चाळीतल्या खोलीतही आता भिंतीवर वायफायचा डबा लुकलुकताना दिसतो. फोर्टातल्या कचेऱ्यांचे हिशेब कुठल्या तरी थंड खोलीतल्या सर्व्हरवर चाललेले असतात. अँड्रॉइडच्या प्रत्येक फोनात, असल्या कितीतरी डब्यांत आणि सर्व्हरांत एकच गाभा काम करतो. त्याचे नाव लिनक्स. १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तो लिहायला घेतला आणि पुढे जगभरच्या हजारो लोकांनी तो वाढवला. या गाभ्याला कर्नेल म्हणतात. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, नेटवर्क ही सगळी साधने त्याच्या ताब्यात असतात. कोणत्या प्रोग्रामला किती वेळ द्यायचा, कोणाला कोणती फाइल उघडू द्यायची, हे तोच पाहतो. मोठ्या घराचा कारभारी असावा, तसा.

हा कारभारी आपल्या कामाची रोजनिशी ठेवू शकतो. अमुक क्षणी अमुक प्रोग्राम थांबवला, तमुक सुरू केला, ही फाइल उघडली, डिस्ककडून उत्तर यायला इतका वेळ लागला, अशी सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापर्यंतची बारीक नोंद. याला ट्रेसिंग म्हणतात. आपल्या भाषेत माग ठेवणे. मदनपुऱ्यातल्या विणकरांच्या घरात 'माग' म्हटले की कापड विणायचे साधन डोळ्यांपुढे येते. इथे माग म्हणजे ठसा. तरी पहिला अर्थही इथे अगदीच परका नाही. कारण हे नोंदीचे धागे कर्नेल विणतानाच त्यात घालावे लागतात. चालत्या कर्नेलमध्ये हवी तिथे नवी नोंद बसवण्याचीही एक सोय आहे, पण ती सोयदेखील आधी विणलेली असावी लागते.

कर्नेल माणसांना वाचता येईल अशा सी भाषेत लिहिलेला असतो. त्याचे यंत्राला कळेल असे रूप करणे म्हणजे कंपाइल करणे. कंपाइल करण्याआधी एक यादी भरायची असते. तिच्यात हजारो कलमे असतात आणि बहुतेक कलमांपुढे 'हो' किंवा 'नाही' लिहायचे असते. ट्रेसिंगचे कलमही त्यातच. तिथे 'नाही' लिहिले, की नोंदीसाठी लिहिलेल्या ओळी तयार कर्नेलमध्ये उतरतच नाहीत. लिहिणाऱ्याच्या वहीत त्या असतात, यंत्रात नसतात.

म्हणजे नोंदीच्या बाबतीत कर्नेलच्या तीन अवस्था झाल्या. पहिलीत नोंद चालू असते. दुसरीत नोंदीची सोय असते, पण ती गप्प असते. २००८ साली स्टीव्हन रॉस्टेड यांचे एफट्रेस नावाचे साधन मुख्य लिनक्समध्ये आले. त्यात कर्नेलमधल्या जवळजवळ प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला काही बाइटांची जागा राखलेली असते. एरवी त्या जागेत 'काही करू नकोस, पुढे जा' एवढीच आज्ञा बसवलेली असते आणि यंत्र क्षणही न थांबता पुढे जाते. कोणी नोंद मागितली, की चालत्या यंत्रातच ती आज्ञा बदलून तिथे नोंद करणाऱ्याला हाक घातली जाते. तिसरी अवस्था म्हणजे ती जागाच नसणे. गिरगावातल्या जुन्या चाळीत खिडकी लावून घेतलेली असणे आणि भिंत बांधतानाच खिडकी न सोडणे, यात जो फरक आहे तो दुसऱ्या आणि तिसऱ्या अवस्थेत आहे. बाहेरून दोन्ही घरे सारखीच बंद दिसतात. पण आत धूर कोंडला, की फरक कळतो.

आमचा सगळा प्रश्न या तिसऱ्या अवस्थेचा आहे. गप्प बसलेल्या साक्षीदाराला उद्या बोलते करता येईल. ज्याला जन्मच दिला नाही, त्याला कुठल्याही न्यायालयात बोलावता येणार नाही.

ट्रेसिंग काढून टाकणाऱ्यांच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते आधी नीट ऐकले पाहिजे. पहिले कारण जागेचे. वायफायच्या जुन्या स्वस्त डब्यांत कायमची साठवण अवघी ४ एमबी आणि मेमरी ३२ एमबी असे. एवढ्याशा खोलीत बिऱ्हाड थाटायचे, तर जे रोज लागत नाही ते बाहेर ठेवावे लागते. अशा डब्यांसाठी तयार होणाऱ्या ओपनडब्ल्यूआरटी या लिनक्समध्ये ट्रेसिंग सुरुवातीपासून वगळलेले असते. ज्याला हवे त्याने ते निवडून स्वतः कंपाइल करावे. यात गैर काय?

दुसरे कारण सुरक्षेचे. घरातला सगळा कारभार ज्या वहीत उमटतो, ती वही चोरालाही हवी असते. यंत्रात घुसलेल्या माणसाने एफट्रेसचीच सोय वापरून कर्नेलच्या कामात आपली कडी अडकवावी आणि स्वतःच्या खाणाखुणा लपवाव्यात, असे प्रकार झालेले आहेत. पहारेकऱ्याच्या शिडीवरूनच चोर वर चढला, तर शिडी जाळून टाका असे कोणी म्हणेल, आणि त्याला वेडा म्हणता येणार नाही.

तिसरे कारण एका घटनेतून सांगता येईल. २००८ च्या पावसाळ्यात लिनक्सची २.६.२७ ही आवृत्ती तयार होत होती. ती चाचणीसाठी वापरणाऱ्यांच्या यंत्रांत इंटेलची विशिष्ट नेटवर्क कार्डे अचानक निकामी होऊ लागली. कार्डाच्या कायमस्वरूपी स्मृतीत भलतेच काही लिहिले जात होते. संशय साहजिकच कार्ड चालवणाऱ्या कोडवर गेला. शोधाअंती निघाले ते वेगळेच. एफट्रेसने पूर्वी पाहून ठेवलेल्या एका जागेवरचे कोड काम संपल्यावर काढून टाकले गेले होते आणि मेमरीतला तोच पत्ता पुढे कार्डाला मिळाला होता. एफट्रेस मात्र जुन्या पत्त्यावर जाऊन आपली दुरुस्ती करत राहिले. ज्याने पाहायचे त्याच्याच हातून मोडतोड झाली. २.६.२७ ऑक्टोबरात बाहेर पडली आणि आठवड्याच्या आत आलेल्या २.६.२७.१ मध्ये एफट्रेसचा चालत्या यंत्रात बदल करणारा भाग कंपाइल होणारच नाही अशी व्यवस्था केली गेली. म्हणजे साक्षीदार यादीतूनच खोडला. आणि तो निर्णय योग्य होता.

या घटनेचा पुढचा भागही लक्षात ठेवण्यासारखा आहे. खोडल्याचे लपवले गेले नाही. का खोडले, कोणाची चूक, हे सगळे उघड लिहिले गेले. मग नोंदीच्या जागांची यादी चालत्या यंत्रात गोळा करण्याऐवजी कंपाइल करतानाच तयार करायची, अशी नवी रचना झाली आणि पुढच्याच आवृत्तीत तो भाग परत आला. बंद करण्यालाही एक रीत असते. तिच्याकडे आम्ही शेवटी पुन्हा वळणार आहोत.

चौथे कारण आम्हाला सर्वांत वजनदार वाटते. ते दुसऱ्याच्या घरात डोकावण्याचे. कर्नेलचा माग ठेवता येणे म्हणजे त्या यंत्रावर कोण काय करतो हे पाहता येणे. कोणता प्रोग्राम कधी उघडला, कोणत्या फायलीला हात लागला, कोणत्या पत्त्याशी यंत्र बोलले. सूरह हुजुरातमध्ये ज्या गोष्टींपासून दूर राहायला सांगितले आहे, त्यांत अवाजवी संशय, तजस्सुस आणि पाठीमागची निंदा या एकाच आयतीत येतात. हा क्रम विचार करायला लावणारा आहे. संशयातून हेरगिरी जन्मते आणि हेरगिरीतून चहाडी. हजरत उमर (रजि.) यांची एक गोष्ट आपल्याकडे वाज़मध्ये सांगितली जाते. रात्रीच्या गस्तीत एका घरातून आवाज आला म्हणून ते भिंत चढून आत उतरले. आत एक माणूस मद्य घेऊन बसलेला. तो म्हणाला, अमीरुल मोमिनीन, माझा गुन्हा एक आहे, आपले तीन. आपण टेहळणी केलीत, दार सोडून भिंतीवरून आलात आणि परवानगी न घेता, सलाम न करता आत शिरलात. खलीफा मुकाट्याने परत गेले. सत्ता हातात असलेल्या माणसाला दाराबाहेर थांबायला लावणारी ही गोष्ट आहे. तिच्या उजेडात पाहिले, तर ज्या यंत्रात डोकावण्याची सोयच नाही ते यंत्र अधिक सभ्य वाटू लागते.

मुंबईतल्या मुसलमानाला हे पटायला फार वेळ लागणार नाही. ज्या वस्तीकडे संशयाने पाहिले जाते, तिथल्या माणसाला नोंद या शब्दाचीच धास्ती असते. आपले नाव कुठल्याही वहीत नसावे, असे त्याला वाटते. कोरा कागद त्याला सुरक्षित वाटतो.

पण कोरा कागद खरोखर कोणाच्या बाजूने असतो?

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी चर्चगेटहून सुटलेल्या लोकल गाड्यांत सात स्फोट झाले. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड. १८० हून अधिक माणसे गेली. २०१५ साली विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले, पाच जणांना फाशी सुनावली आणि एकाला निर्दोष सोडले. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने त्या बाराही जणांना निर्दोष ठरवले. त्यांतला एक जण तोपर्यंत कैदेतच वारला होता. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. तीनच दिवसांनी त्या न्यायालयाने हा निकाल दाखला म्हणून वापरू नये असे सांगितले, मात्र सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही. या खटल्यात मोबाइल फोनच्या कॉल नोंदींचा वाद वर्षानुवर्षे चालला. कोण कोणाशी बोलले आणि कोणाचा फोन त्या दिवशी कुठे होता, हे सांगू शकणाऱ्या या नोंदी. त्या मिळाव्यात म्हणून न्यायालयाची दारे ठोठावली, ती आरोपींच्या बाजूने. ज्यांना नोंदीची सर्वांत जास्त धास्ती असावी असे आपण समजतो, तेच नोंद आणा, नोंद दाखवा म्हणत होते. निरपराध माणसाला वहीचे भय नसते. वही हरवण्याचे भय असते. आणि ज्यांची माणसे गाडीत मेली त्या घरांनाही कोऱ्या कागदाने काही दिले नाही. मारले कोणी, हा प्रश्न एकोणीस वर्षांनंतर त्यांच्या उंबऱ्यावर होता तसाच उभा राहिला.

परळ-लालबागचा गिरणगावही हेच सांगेल. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि तो कधी रीतसर संपलाच नाही. पुढे गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांसाठी घरे बांधायचे ठरले आणि २०१२ साली ६,९२५ घरांची पहिली सोडत निघाली. त्या वेळी अर्जदाराकडे मागितला गेला तो पुरावा. गिरणीचा पास, तिकीट नंबर, प्रॉव्हिडंट फंडाची पावती, ईएसआयचे कार्ड. ज्याने ट्रंकेच्या तळाशी तो कागद जपला होता, त्याच्या म्हातारपणाला आशा राहिली. ज्याचा कागद पावसात गेला, किंवा बदलीवर असल्याने ज्याच्या नावाची नोंद धड झालीच नव्हती, त्याच्या आयुष्याची वर्षे होती की नव्हती हेच कोणी सांगेना. साच्यावर उभे राहून विणलेले कापड जगाने नेसले, फाडले, विसरले. हजेरीपटावरची एक ओळ तेवढी हवी होती.

सूरह बकरातली, आणि सगळ्या कुराणातलीही, सर्वांत लांब आयत कशाविषयी आहे हे आपल्याला ठाऊक आहे. ती नमाजविषयी नाही, युद्धाविषयी नाही. ती उसनवारी लिहून ठेवण्याविषयी आहे. लिहिणारा असावा, साक्षीदार असावेत, रक्कम लहान असो वा मोठी, लिहायचा कंटाळा करू नये, आणि लिहिणाऱ्याला वा साक्षीदाराला त्रास होऊ नये. पुढच्याच आयतीत साक्ष दडवण्याला अंतःकरणाचे पाप म्हटले आहे. आता एका हाताशी तजस्सुसची मनाई आणि दुसऱ्या हाताशी नोंदीचा हुकूम. डोकावू नका, पण लिहून ठेवा. हे दोन्ही एकत्र कसे नांदतात?

आमच्या मते याचे उत्तर आपल्याच परंपरेतल्या एका जुन्या भेदात आहे. अल्लाहचे हक वेगळे आणि बंद्यांचे हक वेगळे. हुकूकुल्लाह आणि हुकूकुल इबाद. आपल्या आणि अल्लाहमधला जो हिशेब आहे तिथे तो पडदा टाकणारा आहे, माफ करणारा आहे. तिथे माणसाने नाक खुपसू नये. दुसऱ्याच्या ऐबावर पडदा टाकणे पुण्याचे मानले गेले, ते याच अंगणात. पण जिथे दुसऱ्या माणसाचा हक गुंतला आहे तिथे त्या माणसाने सोडल्याशिवाय सुटका नाही, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. भिंतीआड मद्य पिणाऱ्याच्या घरात दुसऱ्या कोणाचा हक बुडत नव्हता, म्हणून खलीफाला परत फिरावे लागले. उसने घेतलेल्या पैशात दुसऱ्याचा हक आहे, म्हणून तिथे लेखणी हवी. दोन हुकूम वेगवेगळ्या अंगणांतले आहेत. त्यांची गल्लत केली की एका अंगणात जुलूम होतो आणि दुसऱ्यात लबाडी.

हीच फूटपट्टी कर्नेलला लावून पाहू. माझ्या घरातला वायफायचा डबा माझा, त्यात फिरणारी माहिती माझ्या माणसांची. तिथे ट्रेसिंग नसले तर कोणाचा हक बुडाला? फार तर डबा वरचेवर अडकेल. लॅमिंग्टन रोडवरचा दुरुस्तीवाला कारण शोधू शकणार नाही आणि नवा घ्या म्हणेल. नुकसान चारपाचशे-हजाराचे, ते माझे मी सोसीन. पण तोच लिनक्स रुग्णालयातल्या उपकरणात असेल, बँकेच्या व्यवहारात असेल, पगार आणि पेन्शन मोजणाऱ्या यंत्रात असेल, तर? तिथे यंत्राने घोळ घातला की त्याची किंमत मोजणारा माणूस यंत्राच्या मालकाहून वेगळा असतो. खाटेवरचा रोगी, काउंटरवरची बाई. ज्याने यादीत 'नाही' लिहिले तो कुठल्या तरी दूरच्या कचेरीत असतो आणि बहुधा ते विसरूनही गेलेला असतो.

ब्रिटनमध्ये या वेगळेपणाची फार मोठी किंमत मोजली गेली. तिथल्या पोस्टाने १९९९ पासून शाखांमध्ये होरायझन नावाची संगणकप्रणाली बसवली. हिशेबात तूट दिसू लागली आणि शाखा चालवणाऱ्या साध्या पोस्टमास्तरांवर चोरीचे, अफरातफरीचे खटले भरले गेले. नऊशेहून अधिक जण दोषी ठरले. त्यांत भारतीय उपखंडातून गेलेल्या घरांतलेही पुष्कळ होते. कोणी तुरुंगात गेले, कोणाचे घर विकले गेले, काहींनी जीव दिला. पोस्टाचे म्हणणे एकच, यंत्र चुकत नाही. कंपनीच्या माणसांना दुरून शाखांच्या हिशेबात हात घालता येतो, हेही वर्षानुवर्षे नाकारले गेले. २०१९ साली लंडनच्या उच्च न्यायालयाने प्रणालीत दोष होते आणि दुरून हात घालता येत होता, हे मान्य केले. २०२४ साली कायदा करून शिक्षा रद्द करण्यात आल्या. इथे गोष्ट कर्नेलची नव्हती आणि नोंदी अगदीच नव्हत्या असेही नाही. ज्याच्यावर आरोप होता त्याच्या हाताशी त्या नव्हत्या, एवढेच. पण एवढ्यानेच माणूस चोर ठरला. यंत्राचा शब्द आणि माणसाचा शब्द समोरासमोर आले आणि यंत्राने आत काय केले हे माणसाला दाखवता येत नसेल, तर जग यंत्राचा शब्द धरते.

यावर कोणी म्हणेल, मग सगळीकडे सगळे लिहीत सुटा. तेही आम्हाला मान्य नाही. आपल्या खांद्यांवर किरामन कातिबीन आहेत, या श्रद्धेने आपण जगतो. त्यांची वही रहीम आणि आदिल अशा मालकाच्या हाती जाते. माणसाने ठेवलेली वही ज्याच्याकडे पासवर्ड आहे त्याच्या हाती जाते. त्याची नियत काय असेल, सरकार उद्या कोणाचे असेल, याची हमी कोण देणार? म्हणून फरिश्त्यांची नक्कल करण्याचा अहंकार यंत्राने करू नये. सतत चालू असलेली नोंद ही पहिली अवस्था झाली आणि ती बहुतेक घरांत नकोच.

आमचे म्हणणे दुसऱ्या अवस्थेच्या बाजूने आहे. खिडकी असावी, ती लावलेली असावी, आणि कडी योग्य हातात असावी. लिनक्समध्ये याचीही सोय होत गेली आहे. २०१९ च्या ५.४ या आवृत्तीत लॉकडाउन नावाची व्यवस्था आली. तिची सर्वांत कडक पायरी लावली, की यंत्राचा सर्वाधिकारी म्हणवणाराही कर्नेलचा माग काढू शकत नाही, आणि यंत्र चालू असताना ती पायरी खाली आणता येत नाही. ज्याला उघडायचे त्याला यंत्र थांबवून, पुन्हा चालू करून, उघडपणे उघडावे लागते. भिंतीवरून उडी मारता येत नाही, दारानेच यावे लागते.

ज्यांनी हे कर्नेल लिहिले त्यांनाही कलमे खोडताना धाकधूक वाटलेली दिसते. कर्नेलला साधा संदेशही छापता येऊ नये असे एक कलम यादीत आहे. ते नेहमीच्या यादीत दिसत नाही, जाणकारांसाठीच्या वेगळ्या विभागात ठेवले आहे, आणि दोष शोधणे फार कठीण होईल म्हणून याला 'नाही' म्हणू नका, असा सल्ला तिथेच लिहिलेला आहे. आणखी एक कलम, आत काही भयंकर बिघडल्याचे लक्षात आल्यावर ओरड करणारा भाग काढण्याचे. त्यापुढे लिहिले आहे, की हे काढल्यास गंभीर प्रसंगही गुपचूप दुर्लक्षिले जातील, तेव्हा ज्या यंत्राला आपली व्यथा सांगण्याचे साधनच नाही तिथेच याचा विचार करा. रुक्ष तांत्रिक मजकुरात ही नैतिक जाग आहे. ज्याला तोंडच नाही त्याचीच जीभ काढलेली एक वेळ चालेल. बोलू शकणाऱ्याची काढू नका.

आणि तरीही काढावी लागलीच तर? जागा नाही, धोका मोठा आहे, कारण खरे आहे. मग एक शेवटची अट राहते, आणि लिनक्सने तीही पाळता येईल अशी ठेवली आहे. कंपाइल करताना जी यादी भरली, ती यादीच तयार कर्नेलच्या पोटात ठेवता येते. चालत्या यंत्रातली एक फाइल उघडली, की कोणत्या कलमापुढे काय लिहिले होते ते ओळीओळीने वाचता येते. ट्रेसिंग: नाही. नाही म्हटल्याची ही नोंद. साक्षीदार नाही, पण साक्षीदार नसल्याची साक्ष आहे. २००८ साली नेटवर्क कार्डांच्या वेळी जे उघडपणे घडले, तेच इथे एका ओळीत साधते. असे यंत्र निदान खोटे तरी बोलत नाही. मी पाहिले आणि काही घडले नाही, असा आव ते आणत नाही. माझ्याकडे डोळा नाही, असे ते सांगते. न्यायाधीशापुढे या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिल्यावर विसंबून माणसाला शिक्षा होईल. दुसरे ऐकल्यावर न्यायाधीशाला दुसरा पुरावा शोधावा लागेल.

म्हणून ज्या यंत्राच्या शब्दावर कोणाचे वेतन, कोणाचा उपचार, कोणाची अटक अवलंबून आहे, त्याच्याविषयी आपल्या माणसांनी विचारायला शिकले पाहिजे. आपल्या घरांतली कितीतरी मुले आता हेच काम करतात, कंपन्यांत बसून अशाच याद्या भरतात. त्यांच्याकडून आम्हाला फार मोठी अपेक्षा नाही. ट्रेसिंगच्या कलमापुढे 'नाही' लिहिताना एवढेच पाहावे, की हे यंत्र चुकले तर भोगणारा कोण. तो आपण स्वतः असू, तर खुशाल लिहावे. तो दुसरा कोणी असेल, तर खिडकी ठेवावी आणि कडी लावावी. आणि काही कारणाने तेही जमणार नसेल, तर ती यादी यंत्राच्या पोटात राहू द्यावी. ती लपवण्याचे कलमही त्याच यादीत आहे, आणि त्यापुढे 'हो' की 'नाही' हे लिहिणारा हात त्यांचाच असतो.